स्विचर समितीचे तेरा रविवार

महाग वस्तू घ्यायला पैसे लागतात. स्वस्त वस्तू घ्यायला आयुष्य लागतं. ज्याच्या खिशात पैसे खुळखुळतात तो दुकानात जातो, बोट दाखवतो आणि पिशवी घेऊन घरी येतो. त्यात ना विचार, ना अभ्यास, ना चारित्र्य. ज्याला स्वस्तात चांगलं हवं असतं त्याला मात्र अभ्यास करावा लागतो. आणि अभ्यासाचं असं आहे की तो एकदा मनापासून सुरू केला की वस्तू आली काय नि न आली काय, माणसाचे दिवस फार बरे जातात.

हे सत्य ज्यांना पूर्णपणे कळलं होतं असे एकच गृहस्थ आमच्या पाहण्यात आहेत. ते एका मोठ्या कार्यालयाच्या खरेदी विभागातून अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. गल्लीत, घरात आणि (त्यांच्या पाठीमागे) सासुरवाडीतही त्यांना अधीक्षकच म्हणत. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकही वस्तू घाईत घेतली नाही. थंडीसाठी मागवलेले हीटर त्यांच्या काटेकोरपणामुळे भर उन्हाळ्यात आले आणि त्यामुळे विजेची केवढी तरी नासाडी टळली. पाण्याच्या पिंपाची फाइल त्यांनी चार वर्षं फिरवली. तोवर कार्यालयात नळच आला आणि पिंपाचे सगळे पैसे वाचले. निरोपसमारंभात वरिष्ठांनी या पिंपाचा आवर्जून उल्लेख केला. अधीक्षकांचे डोळे भरून आले होते. (समारंभात प्यायला पाणी नव्हतं, कारण त्या दिवशी नळ गेला होता.)

अशा माणसाच्या घरी टीव्हीचा प्रश्न उभा राहावा, हे टीव्हीचं भाग्यच म्हणायचं.

त्यांच्या टीव्हीला मागे दोन पोर्ट होते. पोर्ट म्हणजे वायर खुपसायची खाच. त्यातला एक चिरंजीवांनी वायर काढून-घालून, काढून-घालून खिळखिळा करून टाकला. त्यात काहीही लावलं की पडद्यावर जांभळ्या रेघा धावत. उरलेल्या एका पोर्टावर घरातले चार दावेदार होते. पहिला, खुद्द अधीक्षकांचा सेट-टॉप बॉक्स, बातम्यांसाठी. दुसरा, चिरंजीवांचा गेमचा डबा. (चिरंजीवांचं वय छत्तीस.) तिसरी, सूनबाईंची एक काडी, जी टीव्हीला लावली की व्यायामाचे कार्यक्रम दिसत. सूनबाई ते नियमाने बघत. (करत नसत. बघत.) आणि चौथा, काकूंचा जुना लॅपटॉप.

काकू म्हणजे अधीक्षकांची बायको. गल्ली त्यांना काकू म्हणे, म्हणून आपणही काकूच म्हणू.

पहिला पोर्ट निकामी झाला त्याच दिवशी अधीक्षकांनी दुसऱ्यावर, म्हणजे त्यात बसलेल्या आपल्या बॉक्सच्या वायरीवर, कागदाची पट्टी चिकटवली. पट्टीवर सही केली, तारीख घातली, आणि जेवणाच्या टेबलावर तोंडी परिपत्रक काढलं की ही पट्टी फाटलेली आढळल्यास घरातल्या सर्वांना सारखंच जबाबदार धरण्यात येईल. पोर्टाला आयुष्य असतं, ते वायर काढण्याघालण्यात खर्च होतं, सबब वायर काढू नये. विज्ञानाच्या दृष्टीने यात काहीच चूक नव्हती.

आता काकूंना टीव्ही कशाला हवा होता, तेही थोडक्यात सांगितलं पाहिजे. थोडक्यातच, कारण हा विषय पुढे समितीच्या कार्यकक्षेबाहेर ठरला.

काकूंची थोरली बहीण, ताई, सहा तासांच्या अंतरावर आपल्या मुलीकडे राहत होती. तिला झटका आला. अर्धं अंग गेलं, तोंड वाकडं झालं, आवाज घोगरा आणि तुटका झाला. इकडे काकूंच्या मांडीत त्याच महिन्यात सळई बसवलेली. डॉक्टरांनी तीन महिने प्रवासाचं नाव काढू दिलं नाही. म्हणून दर रविवारी चार वाजता भाची तिकडून व्हिडिओ कॉल लावायची आणि दोघी बहिणी लॅपटॉपवर एकमेकींसमोर बसायच्या.

या दोघींची एक खोड होती. लहानपणी वडील कडक. जेवताना कोणी बोललं की ताटावरून उठवायचे. त्यामुळे दोघींनी आवाज न काढता नुसत्या ओठांनी बोलायची विद्या कमावली होती. पुढे लग्नं झाली, तरी भरल्या घरात नणंदांविषयीचं खरं मत त्या एकमेकींना असंच कळवत. जगात ताईचे ओठ वाचू शकणारं माणूस एकच होतं. झटक्यानंतर ताईचा आवाज धड लागत नव्हता, पण ओठ हलत होते. "मावशी, आई काहीतरी सांगायला बघतेय," भाची म्हणाली. "मला काही कळत नाही गं. ते तुलाच सांगायचंय बहुतेक."

पण काकूंच्या डोळ्यांची दृष्टी मधोमध पुसट झाली होती. लॅपटॉपवर ताईचा चेहरा यायचा, आणि ओठांच्या जागी एक काळपट रेघ. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, मोठ्या पडद्यावर बघा, दिसेल.

तेव्हा काकू अधीक्षकांना म्हणाल्या, "रविवारी चारला तासभर तुमची वायर काढून माझी लावाल का? पाचला परत तुमची लावा."

एखाद्या गबाळ्या घरात ही मागणी तिथल्या तिथे मान्य होऊन गेली असती. अधीक्षकांनी चष्मा काढला.

"आज तासभर, उद्या दीड तास. अगं, पट्टी एकदा फाटली की फाटलीच. तात्पुरत्या सोयीने कायमचं नुकसान होतं. आपण कायमस्वरूपी उपाय करू."

"त्याला स्विचर मिळतो की बाबा," चिरंजीव मोबाइलवरच्या गेममधून मान वर न करता म्हणाले. "काडेपेटीपेक्षा थोडा मोठा डबा असतो. चारही वायरी त्यात घालायच्या आणि त्यातून एकच वायर टीव्हीला. बटण दाबलं की हवं ते दिसतं. महिन्याच्या पेपरच्या बिलात येतो. उद्या ऑफिसातून येताना घेऊन येऊ?"

एकतीस वर्षांत अधीक्षकांच्या तोंडावर असं कोणी बोललं नव्हतं.

"थेट खरेदी?" ते म्हणाले. "माझ्या घरात?"

त्याच आठवड्यात समिती नेमण्यात आली. अध्यक्ष, अधीक्षक. सदस्य-सचिव, अधीक्षक (अतिरिक्त कार्यभार). तांत्रिक सदस्य, चिरंजीव. वित्त सदस्य, सूनबाई, कारण त्या एका बँकेत होत्या. (काउंटरवर नव्हे, पण त्याच इमारतीत.) काकूंचं नाव पुढे आलं तेव्हा अध्यक्षांनी न्यायनिष्ठुरपणे निर्णय दिला: काकू या योजनेच्या लाभार्थी आहेत, आणि लाभार्थी निर्णयप्रक्रियेत असला की निर्णय घाईत होतो. सबब काकूंना मताधिकाराविना, चहापुरतं निमंत्रित करण्यात आलं.

सभेची वेळही सर्वांच्या सोयीने ठरली. चिरंजीव आणि सूनबाई दोघांनाही सुट्टी असते असा वार एकच, रविवार. सकाळी चिरंजीव उठत नाहीत, दुपारी अधीक्षक झोपतात, संध्याकाळी बातम्या. राहिली चारची वेळ. ती एकमताने मंजूर झाली. समिती बैठकीच्या खोलीत बसणार, म्हणून काकूंनी लॅपटॉप उचलून स्वयंपाकघरातल्या ओट्यावर नेला.

(पहिल्या रविवारी ताई बारा मिनिटं बोलत होत्या. काकूंना त्यातलं "अगं" एवढं कळलं.)

पहिल्या सभेत गरजनिश्चिती झाली. दावेदार चार, म्हणजे चार पोर्टांचा स्विचर, असा कोणीही सोम्यागोम्या हिशेब करील. पण भविष्यात पाचवं उपकरण आलं तर? तांत्रिक सदस्यांनी विचारलं, कोणतं येईल? अध्यक्ष म्हणाले, ते माहीत असतं तर त्याला भविष्य म्हटलं असतं का? मग पाच पोर्टांचा घ्यावा, तर एक रिकामा राहणार. त्यात धूळ जाणार. धुळीची जबाबदारी कोणाची, हे ठरणं आवश्यक. हा मुद्दा दुसऱ्या सभेवर ढकलला. दुसऱ्या सभेत तो तिसऱ्या सभेवर ढकलला.

तिसऱ्या सभेत असं आढळलं की बाजारात स्विचरच्या दोन जाती आहेत. एक आपण बटण दाबल्यावर वळणारी, दुसरी आपोआप वळणारी. म्हणजे चिरंजीवांनी गेमचा डबा सुरू केला की टीव्ही न विचारता बातम्या सोडून तिकडे जाणार. अध्यक्षांचा चेहरा उतरला. "कोणाकडे वळायचं हे यंत्रच ठरवणार असेल," ते म्हणाले, "तर घरात वडीलधारं माणूस हवं कशाला?" आपोआप वळणारी जात नामंजूर झाली. ती चाळीस टक्के स्वस्त होती, ही बाब इतिवृत्तात नोंदवली नाही.

चौथा आणि पाचवा रविवार लोकांची मतं वाचण्यात गेला. आजकाल कोणतीही वस्तू घेण्याआधी ज्यांनी ती घेतली त्यांचं मत वाचायची सोय आहे, आणि शहाणी माणसं ती वाचून मग वस्तू घ्यायची की नाही हे ठरवतात. (बहुतेक ठरवत नाहीत, आणखी वाचतात.) अधीक्षकांनी एकूण एक हजार एकशे सत्तेचाळीस मतं वाचली आणि त्यांचं वर्गीकरण केलं. पाच तारे देणाऱ्यांपैकी अडतीस टक्के लोकांनी खोका अजून उघडला नव्हता. वेळेवर आला म्हणून त्यांचं मन भरून आलं होतं. एक तारा देणाऱ्यांपैकी निम्म्यांना वस्तू आवडली होती, पण खोका चेपलेला होता. अकरा जणांनी एका स्विचरचं मत चुकून दुसऱ्याच वस्तूखाली, एका उशीखाली लिहिलं होतं. एकाने लिहिलं होतं, "भावाला दिला. भाऊ खूश आहे." अधीक्षक या मतापाशी बराच वेळ थांबले. भाऊ कशाने खूश आहे, हे स्पष्ट होत नव्हतं. त्यांनी त्या गृहस्थाला खुलासा मागवला.

(पाचव्या रविवारी ताई चार मिनिटं बोलल्या. भाचीने लॅपटॉप त्यांच्या अगदी तोंडाजवळ नेला. मग काकूंना नुसतीच हनुवटी दिसली.)

"अहो, झालं का तुमचं?" काकूंनी चहाचे कप ठेवता ठेवता विचारलं.

"होत आलं. भावाच्या उत्तराची वाट बघतोय."

"कुणाच्या भावाच्या?"

"ते अजून कळलेलं नाही."

काकू काठी टेकत आत गेल्या. निमंत्रितांनी चर्चेत भाग घेऊ नये हा नियम त्यांनी पुढेही बरेच रविवार पाळला, हे इथे कृतज्ञतापूर्वक नमूद केलं पाहिजे.

सहाव्या रविवारी तुलनात्मक तक्ता तयार झाला. सतरा स्विचर, तेवीस रकाने. डब्याचा रंग, दिव्याचा रंग, दिवा डोळ्यात जातो का, रिमोट मिळतो का, रिमोट हरवतो का, वॉरंटी किती, वॉरंटी देणारा किती दिवस फोन उचलतो. तक्ता इतका सुरेख झाला की सूनबाईंनी तो बँकेत नेऊन दाखवला आणि तिथल्या दोघांनी आपल्या घरासाठी त्याची प्रत मागून घेतली. त्यातल्या एकाने त्यावरून दुसऱ्याच दिवशी स्विचर घेतला. हे ऐकून अधीक्षक हळहळले. "उतावळा नवरा!" ते म्हणाले. "अजून छाननी व्हायची होती."

सातव्या रविवारी छाननी झाली, आठव्या रविवारी फेरछाननी, आणि अखेर एका वस्तूवर समितीचं एकमत झालं. चार पोर्टांची, बटणाची, काळी. आता फक्त मागणीपत्र लिहून दुकानात द्यायचं राहिलं. आणि नेमकं इथेच, गंगेत घोडं न्हाणार तेवढ्यात, मराठीचा प्रश्न उभा राहिला.

अधीक्षकांनी एकतीस वर्षांत एकही मागणीपत्र इंग्रजी शब्द घालून लिहिलं नव्हतं. पंख्याच्या रेग्युलेटरला ते "वातगतिनियामक" म्हणत आणि त्यामुळे तो सहसा येत नसे. स्विचर हा शब्द त्यांच्या लेखणीतून उतरेना. स्विच म्हणजे दिव्याचं बटण. स्विचर म्हणजे काय, बटण दाबणारा नोकर? त्यांनी तीन कोश चाळले. मग स्वतःच विचार करायला बसले. आपल्याला नेमकं करायचं काय आहे? एक टीव्ही चौघांत विभागायचा आहे. जसं घर चार भावांत विभागतात. विभागून देतो तो विभाजक. शब्द सुचला तेव्हा त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी तो काकूंना हाक मारून ऐकवला.

"छान आहे," काकू म्हणाल्या. "मिळतो का?"

अधीक्षक मागणीपत्र घेऊन जातीने इलेक्ट्रिकच्या दुकानात गेले. कागदावर लिहिलं होतं: दूरचित्रवाणी संच विभाजक, चतुर्मुखी, काळा, नग एक.

दुकानदार भला माणूस. त्याने कागद दोनदा वाचला, डोकं खाजवलं. "विभाजक म्हणजे... स्प्लिटर का साहेब?"

"इंग्रजीत काय म्हणतात त्याच्याशी मला कर्तव्य नाही. लिहिलंय ते द्या."

"काय काय जोडायचंय, सांगता का?"

"तो अंतर्गत मामला आहे."

दुकानदाराने लिहिलं होतं ते दिलं. चार तोंडांचा, काळा, नग एक. नवव्या रविवारी समितीसमोर खोका विधिवत उघडण्यात आला. चिरंजीवांनी डबा हातात घेऊन उलटासुलटा पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"बाबा, हा उलटा आहे."

"सरळ धर मग."

"तसं नाही हो. हा स्प्लिटर आहे. एका बॉक्सचं चित्र चार टीव्हींवर दाखवतो. आपल्याला चार बॉक्स एका टीव्हीवर दाखवायचेत. आपल्याला स्विचर हवा होता."

इथे सामान्य माणूस चूक कबूल करून मोकळा झाला असता. अधीक्षकांनी मागणीपत्राची प्रत काढली, वस्तूशी ताडून पाहिली. चतुर्मुखी, बरोबर. काळा, बरोबर. विभाजक, बरोबर. वस्तू मागणीनुसार आहे असा शेरा मारून त्यांनी सही केली. वस्तू परत करण्याचा प्रश्नच नव्हता. खोका उघडला होता, आणि शिवाय परत करणं म्हणजे मागवताना चुकलं असं लेखी मान्य करणं. वस्तू बरोबर असून काम होत नसेल तर तर्काने निष्कर्ष एकच निघतो, की वस्तूत काही उणं नाही, घरच वस्तूला कमी पडतंय.

"विभाजकाला किमान दोन टीव्ही लागतात," अध्यक्ष म्हणाले. "आपल्याकडे एकच आहे. ही त्रुटी दूर करावी लागेल."

(त्या रविवारपासून ताईंचा आवाज गेला. नुसते ओठ. "हलतायत मावशी, बघ, दिसतंय का तुला?" भाचीने विचारलं. काकू म्हणाल्या, "हो हो, दिसतंय. सांग तिला, कळलं म्हणावं.")

दुसऱ्या टीव्हीच्या निवडीला नववा धरून फक्त तीन रविवार लागले. टीव्ही ही महाग वस्तू, त्यामुळे अभ्यासाची फारशी गरज पडली नाही. बाराव्या रविवारच्या आदल्या दिवशी तो निवडला आणि तेराव्याच्या आदल्या दिवशी तो भिंतीवर, पहिल्याच्या शेजारी चढला. विभाजक जोडला गेला. अधीक्षकांनी बातम्या लावल्या. एकच निवेदक दोन्ही पडद्यांवर एकदम अवतरला, एकदम बोट उगारून एकदम ओरडू लागला.

सूनबाईंनी विचारलं, "दोन्हीकडे तेच?"

"पडताळणी होते," अधीक्षक म्हणाले.

खर्चाच्या दृष्टीने पाहता, स्विचरऐवजी विभाजक घेतल्याने चाळीस रुपये वाचले. त्यातून टीव्हीची किंमत वजा जाता आकडा जरा वेगळा येतो, पण ती बाब वेगळ्या शीर्षाखाली होती.

तेराव्या रविवारी चार वाजता समिती नव्या व्यवस्थेच्या मूल्यमापनासाठी बसली. काकू या वेळी ओट्याकडे गेल्या नाहीत. लॅपटॉप काखेत, वायर गळ्यात, काठी टेकत त्या बैठकीच्या खोलीत आल्या आणि दोन निवेदकांसमोर उभ्या राहिल्या.

"त्या नव्या टीव्हीला मागे भोकं किती आहेत?"

"पोर्ट म्हण. तीन," अधीक्षक म्हणाले.

"आणि वायरी किती लावल्यात?"

"एक."

"म्हणजे दोन रिकामी आहेत."

"रिकामी नाहीत. अवितरित आहेत. हा टीव्ही विभाजकाच्या प्रस्तावाखाली मंजूर झालाय, त्याला दुसरं काही लावायचं तर..."

काकूंनी काठी सोफ्याला टेकवून ठेवली. एक हात भिंतीवर, दुसरा टीव्हीच्या मागे. डोळ्यांचा उपयोग नव्हताच. बोटांनीच चाचपून त्यांनी खाच शोधली आणि वायर आत दाबली. चिरंजीव पहिल्यांदाच उठले, त्यांनी रिमोटचं एक बटण दाबलं. एकूण लागलेला वेळ, दहा-बारा सेकंद.

डाव्या टीव्हीवर निवेदक बोट उगारून ओरडत राहिला. उजव्या टीव्हीवर ताई आल्या. केवढा मोठा चेहरा! कपाळावरची शीर दिसत होती, पापण्यांचे केस दिसत होते, आणि ओठ, सुकलेले, एका बाजूला ओढलेले, स्पष्ट दिसत होते. काकू पडद्याच्या अगदी जवळ खुर्ची ओढून बसल्या.

"दिसतेय गं! सगळी दिसतेय! बोल, ताई. आता बोल."

तिकडून भाचीचा आवाज आला. "मावशी, कालपासून ओठही हलवत नाहीये. अशीच पडून आहे. डॉक्टर म्हणाले..." पुढचं निवेदकाच्या आरडाओरड्यात बुडालं. अधीक्षकांनी रिमोट शोधला आणि आवाज बंद केला. तेरा आठवडे त्यांनी शंभर गोष्टी वाचल्या, आणि हे तोंड एकदाही पाहिलं नव्हतं.

काकू तास-सव्वा तास बसून होत्या. ताईंचे ओठ हलले नाहीत. मध्येच एकदा काकूंचे हलले. आवाज न काढता त्या काहीतरी म्हणाल्या, बरंच काही म्हणाल्या. अधीक्षक शेजारी बसून त्यांच्या तोंडाकडे बघत होते. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती. त्यांना त्यातलं एक अक्षर वाचता आलं नाही.

"काय म्हणालीस?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुमच्या तक्त्यात बसायचं नाही ते," काकू म्हणाल्या.

अधीक्षक उठले, चपला घातल्या आणि गल्लीच्या तोंडाशी असलेल्या त्याच दुकानात गेले. कागद नाही, तीन दुकानांचे भाव नाहीत, अध्यक्षांची मंजुरी नाही. "स्विचर द्या," ते इंग्रजीत म्हणाले. दुकानदाराने मागच्या फळीवरून एक काढून दिला. जाणं, येणं आणि सुट्टे पैसे मिळेपर्यंत थांबणं धरून अकरा मिनिटं लागली. आता दोन टीव्ही आणि चार धड पोर्ट असलेल्या घरात स्विचरची काडीइतकीही गरज उरली नव्हती, हे त्यांच्यासारख्या जाणकाराला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. तरीही सोमवारी ते दिवसभर टीव्हीमागे वाकून बसले होते. पट्टी त्यांनी स्वतःच्या हाताने फाडली. चारही बटणांखाली सुबक अक्षरांत चिठ्ठ्या चिकटवल्या: १ बातम्या, २ गेम, ३ व्यायाम, ४ ताई. चौथी त्यांनी दोनदा लिहिली. मग काकूंना बोलावून, त्यांचं बोट धरून, चौथं बटण दाबून दाखवलं.

"आता रविवारी तुला उठावं लागणार नाही," ते म्हणाले.

(ताई मंगळवारी सकाळी गेल्या.)

पुढचे काही दिवस घरी भेटायला माणसं येत होती. काकू आतल्या खोलीत असत. अधीक्षक बैठकीत, दोन टीव्हींखाली. आलेला माणूस आधी थोडा वेळ मान खाली घालून बसे, वाईट झालं म्हणे, सुटल्या बिचाऱ्या म्हणे. मग त्याची नजर वर जाई. एकूण त्रेचाळीस माणसं आली. ताईंचं वय किती होतं, असं नऊ जणांनी विचारलं. हा डबा कसला, केवढ्याला पडला आणि कुठे मिळेल, असं चौतीस जणांनी विचारलं. काही जणांनी उठून बटणं दाबून पाहिली. सूनबाईंच्या बँकेतले एक गृहस्थ चष्मा वर करून चिठ्ठ्या वाचू लागले.

"बातम्या, गेम, व्यायाम... हे 'ताई' कुठलं चॅनेल हो?"

"बंद झालं," अधीक्षक म्हणाले.

"मग चिठ्ठी काढून टाका. एक पोर्ट उगाच अडून राहतो."

सल्ला योग्यच होता. अधीक्षकांनी मान डोलावली आणि तो अमलात आणला नाही. एकतीस वर्षांत एखादा योग्य सल्ला त्यांनी कारण न नोंदवता फेटाळला, असं पहिल्यांदाच घडलं.

ही हकीगत आम्ही आजवर बऱ्याच लोकांना सांगितली आहे. सगळी वाचणारी, विचार करणारी, घरात एकापेक्षा जास्त वायरी असलेली माणसं. ऐकून झाल्यावर शंभरातले एक्क्याण्णव जण एकच प्रश्न विचारतात: मग तो शेवटी घेतलेला चांगला चाललाय का? त्यांच्यासाठी सांगतो, उत्तम चाललाय, तुम्हीही घ्या. उरलेले नऊ विचारतात की सोबत रिमोट येतो का. येतो. ताईंना काय सांगायचं होतं, असं विचारणाऱ्यांसाठी आम्ही तिसरा रकाना आखून ठेवला होता. त्यात अजून कोणी आलेलं नाही. तुम्ही आत्ता घाईघाईने विचारणार असाल तर विचारा, पण वाचताना पहिल्यांदा मनात काय आलं होतं ते आधी खरं सांगा. नोंद त्याचीच होईल.